रुळावर उतरण्याआधी पळायची जागा ठरवा

नवा माणूस रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या गँगमध्ये आला की पहार कशी धरायची, खडी कशी ओढायची हे मी त्याला दुपारनंतर शिकवायचो. सकाळी त्याला रुळांच्या मधे उभं करायचं आणि एकच विचारायचं, "आत्ता गाडी आली तर कुठं जाशील?" बहुतेक जण हातानं कुठंतरी दाखवतात. मग मी म्हणायचो, "जाऊन दाखव." तेव्हा कळतं की दाखवलेल्या जागी गटार आहे, बाभळीचं काटेरी झुडूप आहे, नाहीतर सरळ शेजारची लाईन आहे.

हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे. ट्रॅकमन, रोज आपला भाग चालत तपासणारे कीमन, सिग्नलवाले, डोक्यावरच्या विजेच्या तारेचं काम करणारे ओव्हरहेडवाले, पुलावरचे खलाशी, केबलचा चर खणणारे कंत्राटी मजूर आणि त्यांना कामाला लावणारे सुपरवायझर, सगळ्यांसाठी आहे. नियमांची पुस्तकं आहेत आणि ती वाचलीच पाहिजेत. इथं मी त्या नियमांमागचं कारण आणि ते रोज कसे पाळायचे, एवढंच सांगतो.

सगळ्यात आधी गाडीचा हिशेब

ताशी 110 किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात 30 मीटर पुढं येते. 130 च्या वेगाला 36 मीटर. "गाडी आली!" ही हाक ऐकून तुम्ही मान वर करून बघेपर्यंत दोन सेकंद गेले, तर गाडी 60-70 मीटर जवळ आलेली असते. लोको पायलटनं तुम्हाला बघितल्याबरोबर इमर्जन्सी ब्रेक लावला तरी पूर्ण वेगातली गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास जागा घेते. म्हणजे त्याच्या हातात तुम्हाला वाचवायला शिट्टीपलीकडं फारसं काही नसतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. समोरून सरळ आपल्याकडं येणारी गाडी बराच वेळ एका जागी उभी असल्यासारखी वाटते, ती फक्त हळूहळू मोठी होत जाते. एवढं मोठं धूड आपल्या डोळ्यांना नेहमी आहे त्यापेक्षा सावकाश येतंय असं वाटतं. "अजून लांब आहे, हा एक पाना आवळून घेतो" हे वाक्य तिथूनच येतं.

तिसरी कानाची. डिझेल इंजिनाची घरघर लांबून यायची, जुने लोक रुळाला कान न लावताही सांगायचे. आता बहुतेक मार्गांवर वीज आहे. विजेचं इंजिन आणि वंदे भारतसारखी गाडी अगदी जवळ येईपर्यंत आवाज देत नाही. त्यातून वारा गाडीच्या दिशेनं वाहत असेल, जवळ रेल कटर किंवा खडी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशिन चालू असेल, पाऊस कोसळत असेल, तर कान काहीच कामाचे नाहीत. शेजारच्या लाईनवरून मालगाडी जात असताना आपल्या लाईनवर दुसरी गाडी आली तर तिचा आवाज पहिलीत बुडून जातो. अनेक जीव नेमके असे गेले आहेत.

आणि चौथा हिशेब रुंदीचा. जुन्या दुहेरी मार्गांवर दोन लाईनींच्या मध्यरेषांमधलं अंतर कमीत कमी 4.265 मीटर ठेवलेलं आहे. मुंबईची लोकल 3.66 मीटर रुंद. दोन लोकल एकमेकींना ओलांडताना मधे उरतात जेमतेम 60 सेंटिमीटर. मेल-एक्स्प्रेसचे डबे थोडे अरुंद, तिथं मीटरभर जागा मिळते. एवढ्या फटीत जाकीट घातलेला, हातात पाना असलेला माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून दोन लाईनींच्या मधली जागा ही आसऱ्याची जागा कधीच नाही, कितीही मोकळी दिसली तरी.

घरून निघताना

झोप झाली नसेल तर मुकादमाला तोंडावर सांगा आणि त्या दिवशी लुकआउटचं, म्हणजे गाडीवर नजर ठेवून इशारा द्यायचं, काम घेऊ नका. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दारूबद्दल वेगळं लिहीत नाही. आदल्या रात्रीची सकाळी उतरलेली नसते, एवढं पुरे.

केशरी चमकपट्टीचं जाकीट अंगात, ते पिशवीत नाही. त्याच्या आत किंवा डोक्याला लाल कपडा नको, लांबून तो झेंड्यासारखा दिसतो. टाचा न घसरणारे बूट हवेत, चप्पल नको. इअरफोन घरी ठेवा. थंडीत कानटोपी आणि मफलर कानावरून काढून बांधा, मग थोडी थंडी लागली तरी चालेल. पावसाळ्यात रेनकोटची टोपी बाजूची नजर तोडते आणि छत्री तर समोरचीही. टोपीवाल्या रेनकोटपेक्षा रेनकोट आणि हेल्मेट बरं.

हजेरीनंतरची पाच मिनिटं

या पाच मिनिटांत मुकादमानं किंवा सुपरवायझरनं सगळ्यांना गोळा करून सांगायचं: काम कुठल्या किलोमीटरला, कुठल्या लाईनवर, ब्लॉक (लाईन ठराविक वेळ गाड्यांसाठी बंद) आहे की गाड्या चालू असताना करायचं, शेजारच्या लाईनवर गाड्या किती वेगानं आहेत, लुकआउट कोण, गाडी आली तर सगळ्यांनी कुठल्या बाजूला जायचं. मग गँगमधल्या सगळ्यात नव्या माणसाला ते परत सांगायला लावायचं. त्याला जमलं तर सगळ्यांना कळलं. भाषेचाही विचार करा. आपल्याकडं झारखंड, छत्तीसगड, बिहारची माणसं असतात. "हट रे" आणि "बाजूला व्हा" यांतलं काय ओरडायचं, ते आधी ठरवून घ्या.

ब्लॉकबद्दल नीट लिहितो, कारण सगळ्यात घातक गैरसमज इथं आहेत.

ब्लॉक "मिळणारच आहे" म्हणजे मिळाला नाही. स्टेशन मास्तरकडून प्रायव्हेट नंबरासह (खात्रीसाठी दिलेल्या गुप्त आकड्यासह) तो कामाच्या प्रमुखाच्या हातात लेखी आला आणि त्यानं तुम्हाला "आता उतरा" म्हटलं, की मिळाला. मेगाब्लॉक 10:40 चा आहे आणि घड्याळात 10:40 झाले, एवढ्यावर कुणी रुळावर पाय ठेवू नये. आधीची गाडी उशिरा असते, आणि तीच शेवटची गाडी माणसं मारते.

ब्लॉक मिळाला म्हणजे लाईनवर काही येणार नाही असंही नाही. प्रवासी गाडी येणार नाही. खडीची गाडी, टॅम्पिंग मशिन, टॉवर वॅगन, मटेरियल ट्रेन ही आपलीच वाहनं येतील, मागे-पुढे करतील आणि उलट दिशेनंही येतील. 13 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे लासलगावजवळ चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली गेले. ती नेहमीच्या दिशेच्या उलट बाजूनं आली होती. ओव्हरहेड वायर दुरुस्तीची गाडी, म्हणजे आपलीच. म्हणून हजेरीच्या वेळी हेही विचारा: या ब्लॉकमध्ये आणखी कोण काम करतंय आणि कुठलं वाहन कुठून कुठं फिरणार आहे? उत्तर मिळेपर्यंत काम सुरू करू नका. असं विचारलं म्हणून चिडणारा साहेब असेल तर चिडू द्या.

चालताना

कामाच्या जागेपर्यंत जाताना शक्य तिथं खडीच्या बाहेरून, म्हणजे सेसवरून चाला. स्लीपरवरून चालणं सोपं वाटतं, पण खडी आणि स्लीपरची उंची बघत चालताना नजर पायात राहते आणि मान वर होत नाही. दुहेरी मार्गावर येणाऱ्या गाडीकडं तोंड करून चाला, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. काही बिघाड झाला की उलट दिशेनंही गाड्या काढतात. दर काही पावलांनी मागं बघायची सवय लावून घ्या. माझ्या ओळखीचे एक जुने कीमन दर दहा स्लीपरना मागं बघायचे. त्यांची मानच तशी झाली होती.

रूळ ओलांडताना पाय रुळाच्या माथ्यावर ठेवू नका, ओलांडून पलीकडं टाका. पावसात, दवात आणि वंगण लावलेल्या वळणांवर तो माथा साबणासारखा होतो. उभ्या असलेल्या डब्याच्या अगदी टोकाजवळून ओलांडू नका, पंधरा-वीस मीटर सोडून ओलांडा. उभी गाडी कधी हलेल याचा नेम नसतो, आणि तिच्या आडून पलीकडच्या लाईनवरची गाडी दिसत नाही. डब्यांखालून वाकून जाण्याबद्दल एकच सांगतो: जाऊ नका.

दिसण्याचं अंतर मोजा

गाड्या चालू असताना काम करायचं असेल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच सुटते.

आधी आपल्याला बाजूला व्हायला किती वेळ लागतो ते बघा. खरोखर करून बघा: सगळे कामात असताना शिट्टी मारा आणि शेवटचा माणूस हत्यारासह ठरलेल्या जागी पोहोचेपर्यंत सेकंद मोजा. हलकं काम असेल तर आठ-दहा सेकंद. जॅक लावलेला असेल, हातात जड हत्यारं असतील, बारा माणसं असतील तर पंधराच्या वर जातं. त्यात आणखी दहा सेकंद मिळवा, कारण गाडी पोहोचण्याआधी सगळे निदान दहा सेकंद आधी उभे असले पाहिजेत. समजा एकूण 25 सेकंद झाले.

आता 110 च्या मार्गावर 25 सेकंदांत गाडी सुमारे 765 मीटर येते. 130 च्या मार्गावर सुमारे 900 मीटर. म्हणजे तुमच्या कामाच्या जागेवरून येणारी गाडी किमान एवढ्या लांबून दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना. दिसत नसेल तर तिथं एका लुकआउटवर काम होत नाही.

अंतर अंदाजानं ठरवू नका. ओव्हरहेडचे खांब मोजून अंदाज येतो, पण दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त 72 मीटर असतं आणि वळणावर बरंच कमी, त्यामुळं खांबांचा हिशेब फसवतो. त्यापेक्षा चांगली रीत घड्याळाची. कामाला लागण्याआधी सेसवर उभं राहा. गाडी पहिल्यांदा दिसली की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करा, इंजिन तुमच्यासमोर आलं की थांबवा. तीन-चार गाड्यांची वेळ घ्या आणि त्यातली सगळ्यात कमी वेळ खरी माना. ती 25 सेकंदांपेक्षा कमी आली तर वळणाच्या पुढं आणखी एक माणूस उभा करा, जो पहिल्याला झेंड्यानं किंवा शिट्टीनं कळवेल. कळवण्यात जाणारे दोन-तीन सेकंदही हिशेबात धरा. माणूस नसेल तर काम ब्लॉकमध्ये करा.

धुकं, मुसळधार पाऊस किंवा समोरून उगवता सूर्य आला की सकाळी मोजलेलं अंतर रद्द झालं. पुन्हा मोजा, नाहीतर हत्यारं बाहेर काढा.

लुकआउट

लुकआउटचं काम एकच: बघणं. त्यानं पाना धरायचा नाही, पाणी आणायला जायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. "जरा हे धर रे" म्हणून त्याला बोलावणारा माणूस अख्ख्या गँगचा जीव धोक्यात घालतो. म्हाताऱ्या किंवा पाय दुखणाऱ्या माणसाला सोपं काम म्हणून लुकआउट देण्याची एक पद्धत आहे, ती मला कधीच पटली नाही. ज्याची नजर आणि कान सगळ्यात चांगले आणि जो मधेच कंटाळत नाही, तोच तिथं हवा. तासाभरानं माणूस बदला. एकटक बघून डोळे मिटायला लागतात, विशेषतः उन्हात.

शिट्टी वाजली की प्रत्येकानं हात वर करायचा. हात वर दिसला नाही तर लुकआउटनं पुन्हा वाजवायची आणि त्या माणसाकडं धावायचं.

गाडी आली की

हत्यारं उचलून सेसवर, रुळापासून किमान तीन मीटर दूर. अनेक लाईनी असल्या तर सगळ्या लाईनी सोडून बाहेर, दोन लाईनींच्या मधे नाही. पहार, जॅक, पत्रा, काहीही रुळालगत टेकवून ठेवू नका. गाडीकडं तोंड करून उभं राहा. डब्याबाहेर लोंबणारी साखळी, फडफडणारी ताडपत्री, उघडा दरवाजा बघता आला पाहिजे. आणि फेकलेल्या वस्तूही: पाण्याच्या बाटल्या, जेवणाची पार्सलं. वसई खाडीच्या पुलावरून निर्माल्य आणि नारळ पाण्यात टाकणारे प्रवासी पुलावर खाली कुणी आहे का हे बघत नाहीत. 2025 मध्ये असाच नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या एका तरुणाचा जीव गेला. म्हणून पुलावर हेल्मेट कायम डोक्यावर.

गाडी गेली की लगेच रुळावर येऊ नका. शेवटचा डबा पुढं जाऊ द्या, शेजारची लाईन नीट दिसू द्या, दोन्हीकडं बघा, मुकादम "चला" म्हणाला की मग. एक गाडी जाताना तिच्या आडून येणारी दुसरी हीच ती, जिच्याबद्दल वर लिहिलं.

एकटा माणूस

कीमन रोज आपला भाग एकटा चालतो. सिग्नल मेंटेनर बिघाडाच्या फोनवर रात्री पळत जातो. यांना लुकआउट नसतो, आणि यांच्यावर दडपण मात्र सगळ्यात जास्त: गाड्या अडकल्यात, कंट्रोल फोनवर, प्रवासी खोळंबलेत. 22 जानेवारी 2024 च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या मधे सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली गेले. हे शिकाऊ नव्हते. गाड्या चालू असलेल्या, गर्दीच्या लाईनवर रात्री रुळावर वाकून काम करणं अनुभवी माणसालाही सांभाळता येत नाही.

म्हणून एकट्यानं करायची कामं आणि न करायची कामं आधीच वेगळी करा. बघणं, चालणं, सेसवर उभं राहून बॉक्स उघडणं, फार तर रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एखादी पेंड्रोल क्लिप ठोकणं एकट्यानं होईल, तेही दोन्ही बाजूंना लांबवर दिसत असेल तर. वाकून, मान खाली घालून मिनिटभराहून जास्त लागणारं काम एकट्यानं नाही. स्टेशन मास्तरला सांगा, माणूस मागा, गाड्या थांबवून घ्या. दहा मिनिटं गाड्या उशिरा झाल्याचा कागद रंगवता येतो.

एकट्या माणसासाठी आणखी तीन गोष्टी. वाकण्याआधी दोन्हीकडं बघा, आणि एका वेळी एक क्लिप ठोकली की उठून पुन्हा बघा. निघताना स्टेशनवर आपला मार्ग आणि परत यायची वेळ सांगून जा. वॉकी-टॉकीवर जवळ आलेल्या गाडीचा इशारा देणारं यंत्र मिळालं असेल तर वापरा, पण ते वाजलं नाही म्हणून गाडी नाही असं समजू नका. बोगद्यात, खोल कटिंगमध्ये सिग्नल पोहोचत नाही, आणि बॅटरीही संपते.

तपासणीसाठी रुळावरून ढकलत नेतात त्या ट्रॉलीवाल्यांसाठी इथंच एक महत्त्वाचं. ट्रॉलीची चाकं ट्रॅक सर्किट (लाईनवर गाडी आहे हे रुळातल्या विजेवरून सिग्नलला कळवणारी व्यवस्था) बिघडू नये म्हणून इन्सुलेट केलेली असतात. म्हणजे तुम्ही ट्रॉलीवर लाईनवर असलात तरी सिग्नलला तुम्ही दिसत नाही, तो हिरवा राहू शकतो. सिग्नल आपल्याला सांभाळेल ही समजूत ट्रॉलीवर चढताना खाली ठेवा.

डोक्यावरची तार, पायाखालचा करंट

मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये आणि मध्य रेल्वेवर हार्बरसह 2016 मध्ये ती व्यवस्था जाऊन सगळीकडं 25,000 व्होल्ट एसी आलं. कोकण रेल्वेही 2022 पासून पूर्ण विजेवर आहे. या तारेला हात लागावा लागत नाही, ती हवेतून झेप घेते. स्वतःचं शरीर, हत्यार, पाईप, शिडी, ओला दोर, काहीही जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत जाता कामा नये. उंच पाईप आणि सळ्या आडव्या धरून, दोघांनी न्यायच्या. डब्याच्या टपावर, टँकरवर, पाणी भरताना, ताडपत्री बांधताना कुणी उभं राहायचं नाही.

"करंट बंद केलाय" एवढ्यानं तार सुरक्षित होत नाही. शेजारच्या चालू लाईनमुळं बंद तारेतही वीज उतरते. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेतली वीज जमिनीत उतरवणारे अर्थिंग रॉड लागले आणि अधिकृत माणसानं लेखी परमिट दिलं, की मगच वर हात. तार तुटून पडली असेल तर ती जिवंत आहे असंच माना, लोकांना लांब थांबवा आणि जवळच्या स्टेशनामार्फत तारेचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरला कळवा.

रुळाबद्दल मात्र लोक गाफील असतात. गाडीत गेलेला करंट रुळातूनच परत जातो. रूळ तुटला तर त्या फटीच्या दोन टोकांत विजेचा मोठा फरक असू शकतो. दोन्ही टोकं एकाच वेळी हातानं धरू नका. रूळ कापण्याआधी किंवा दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सोडण्याआधी तात्पुरती जोडतार लावून घ्या. खांबाला आणि रुळाला जोडणारा बाँड सुटलेला दिसला तर हातानं जोडायला जाऊ नका, ओव्हरहेडवाल्यांना बोलवा. लोखंडी मोजपट्टी दोन रुळांवर आडवी पडली तर ट्रॅक सर्किट शॉर्ट होऊन सिग्नल लाल होतो. कापडी किंवा फायबरचीच टेप वापरा.

काटे आणि यार्ड

काट्यात, म्हणजे गाडीची लाईन बदलणाऱ्या फिरत्या रुळांत, पाय ठेवू नका. जीभ आणि मूळ रुळामधल्या फटीत पाऊल अडकलं आणि त्याच वेळी केबिनमधून काटा फिरला, तर हाड शिल्लक राहत नाही. मोटरनं चालणारा काटा आधी सूचना देत नाही. काट्यात काम करायचंच असेल तर स्टेशन मास्तरला सांगून तो बंद करून घ्या आणि फटीत लाकडी ठोकळा घाला. लेव्हल क्रॉसिंगवर रुळालगत आतून बसवलेल्या चेकरेलच्या फटीतही पाऊल असंच अडकतं.

पूल, बोगदा, घाट, पावसाळा

पुलावर पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा: मधला आसरा किती लांब आहे, आणि गाडी आली तर पुढं जायचं की मागं यायचं. ते पुलाच्या मध्यावर पोहोचून ठरवायचं नसतं. गर्डरवरची पावलं टाकायची पत्र्याची वाट सुटली असेल तर स्लीपरवरून धावायची वेळ येईल असं कामच घेऊ नका.

कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे 6.5 किलोमीटरचा. लांब बोगद्यात गाडी येण्याआधी हवेचा दाब बदलतो, पण त्याची दिशा सांगता येत नाही. भिंतीतले आसरे कुठल्या बाजूला आणि किती अंतरावर आहेत हे आत जाण्याआधी माहीत करून घ्या, त्यात सामान भरून ठेवलं असेल तर ते काढून टाका. आत शिरलात की पाठ भिंतीला, हत्यार जवळ, दिवा खाली. गाडीबरोबर येणारा वारा जोरात ढकलतो.

कसारा आणि बोर घाटात 1:37 चा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर, चढ आहे. खाली येणारी गाडी थांबवणं अवघड आणि ती इंजिनाचा जोर न लावता येते, म्हणून आवाजही कमी. घाटात वरच्या बाजूला नजर ठेवणारा लुकआउट वेगळा असलाच पाहिजे.

पावसाळ्यातली गस्त हा रेल्वेतला मला सगळ्यात मोठा वाटणारा पराक्रम आहे. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरड आणि गाडी एकत्र आली, पुढच्या वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ तसंच झालं, त्यानंतर कोकणातली गस्त आणि पावसाळ्यातलं वेळापत्रक दोन्ही कडक झालं. गस्तीचा माणूस मध्यरात्री एकटा, दिवा आणि शिट्टी घेऊन कटिंगमधून जातो. त्याला सांगायचं ते असं: दरडीच्या खाली थांबून नुकसान किती हे मोजत बसू नका. पाणी गढूळ झालं, छोटे दगड येताना दिसले, झाडं तिरकी झाली, तर मोठी दरड येते. आधी गाडी थांबवा, मग लांबून बघा.

उन्हाळ्यात भुसावळ-नागपूरकडं रूळ दुपारी साठ अंशांच्या वर जातात. माणसाचं डोकं तापलं की त्याला शिट्टी ऐकू येते पण पाय हलत नाहीत. पाणी आणि सावली ही त्या दिवसांत सुरक्षेची साधनं आहेत.

गाडी थांबवायची वेळ आली

रूळ तुटलेला, दरड, रुळावर अडकलेला ट्रॅक्टर. पहिलं काम, झेंडा काढा आणि गाडी येणाऱ्या दिशेनं धावा. झेंडा नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ वर. रात्री लाल दिवा, तो नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवा. धावताना 600 मीटरवर एक डेटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून लोको पायलटला सावध करणारा, गँगच्या भाषेत फटाका, रुळावर लावा. आणखी पुढं जाऊन 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. नाव लिहिलेली बाजू वर, पट्ट्या रुळाच्या माथ्याभोवती घट्ट वळवून. मग 45 मीटर मागं येऊन झेंडा दाखवत उभं राहा. फटाका फुटताना पत्र्याचे तुकडे उडतात, जवळ उभं राहू नका.

एकेरी लाईन असेल तर दोन्ही बाजू राखाव्या लागतात, म्हणून दुसऱ्याला दुसरीकडं पळवा. एकटे असाल तर ज्या बाजूनं गाडी आधी येणार ती आधी. दुहेरी लाईनवर शेजारची लाईनही अडली असेल तर तीही राखा. पहिल्या संधीला स्टेशन मास्तरला फोन. गावातल्या कुणाला असं काही दिसलं तर 139 वर कळवता येतं.

अडलेलं वाहन बाहेर काढण्याच्या नादात धावायचं विसरतं. दोन माणसं गाडी थांबवायला गेल्यावर उरलेल्यांनी वाहन ओढावं.

कंत्राटी मजूर आणि लाईनीलगतचं काम

केबलचा चर, नवी तिसरी लाईन, नाल्याची भिंत: इथं काम करणाऱ्यांना बहुतेकदा कुणी काहीच शिकवलेलं नसतं, म्हणून त्यांच्या मुकादमांसाठी वेगळं. रुळाच्या मध्यरेषेपासून 6 मीटरच्या आत रेल्वेचा माणूस हजर असल्याशिवाय जेसीबी किंवा डंपर आणू नका. 3.5 मीटरच्या आत ब्लॉकशिवाय नाहीच. कामाच्या कडेला पट्टी नव्हे, खांबांना बांधलेलं खरं कुंपण घाला. जेसीबीचा सोंडेचा भाग वळला की तो रुळावर जातो हे चालकाच्या लक्षात येत नाही, त्याला इशारा द्यायला स्वतंत्र माणूस ठेवा. रात्री मशिनचा दिवा लोको पायलटच्या डोळ्यांवर टाकू नका.

जेवण आणि आराम लाईनीवर नाही. 8 मे 2020 ला करमाडजवळ, टाळेबंदीत गाड्या बंद असतील या समजुतीनं रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. "आज गाड्या नाहीत" हे वाक्य साइटवर कुणी उच्चारलं तर त्याला तिथंच थांबवा. जेवायला बसण्याची जागा कुंपणाबाहेर, सावलीला, सकाळीच दाखवा.

काम संपवताना

ब्लॉक सोडण्याच्या घाईत अपघात होतात, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं कामाला धरू नका. आधी माणसं मोजा, सकाळच्या हजेरीशी जुळवा. मग हत्यारं मोजा. रुळावर विसरलेला पाना पुढच्या गाडीच्या चाकाखाली गोळीसारखा उडतो. जॅक, लाकडी ठोकळे, जोडतारा, खडीचे ढीग ट्रॅकवर राहिलेत का ते सुपरवायझरनं स्वतः चालून बघा. लुकआउट आणि लांब उभी केलेली माणसं परत बोलावली का? 1200 मीटरवरचे फटाके आणि बॅनर झेंडे (लाईनवर आडवं ताणलेलं लाल कापड) काढले का? सगळी माणसं सेसवर उभी दिसली, की मग स्टेशन मास्तरला फोन लावून ब्लॉक परत द्यायचा आणि पहिली गाडी निघून जाईपर्यंत तिथंच थांबायचं.